आरेतली एक रात्र स्टेजवर आणायचीय: बेडूक, कावळे, बिबट्या यांचे आवाज सिंथेसाइज कसे करायचे?

विंगेतला_आवाज

मंडळी, मदत हवीये. आमच्या ग्रुपची एकांकिका आहे, आरेच्या एका पाड्यावर घडते, पहिला पाऊस पडून गेलेला, संध्याकाळ ते पहाट एवढाच काळ, आणि साउंड माझ्या गळ्यात पडलाय. सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले तयार आवाज, वापरून करता येईल असं मलाही आधी वाटत होतं, पण प्रॉब्लेम असा की एका प्रसंगात म्हातारा विहिरीकडे चालत जातो आणि तो जवळ येईल तसे बेडूक एकेक करून गप्प होत जातात, तो मधेच थांबतो, परत एखादा बेडूक दबकत सुरू करतो, मग बाकीचे. आता आमचा म्हातारा रोज वेगळ्या स्पीडने चालतो, कधी मधे खोकतो, कधी वाक्य विसरून उभाच राहतो, त्यामुळे फाइल प्ले करून हे जमत नाही. शिवाय लूप लगेच पकडला जातो, तालमीला नुसतं बसायला येणाऱ्या पोरांनी पण सांगितलं की तो एक बेडूक दर वेळी तिथेच उचकी देतो.

म्हणून डोक्यात आलं की आवाजच बनवावेत, म्हणजे लाइव्ह कंट्रोल करता येतील. फ्री सिंथ (आवाज बनवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड केला, सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लहर) घेतला, फिल्टर लावला, एलएफओ (आवाज हळू वरखाली करणारी लहर) लावला, यूट्यूबवाले जे जे सांगतात ते सगळं केलं, पण जे निघतं ते बेडूक आहे असं डोळे मिटून कोणी म्हणणार नाही. पहाटेला कोकीळ आणि कावळे पण हवेत, आणि मधे एकदा बिबट्या, तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. लॅपटॉप जुना आहे, बजेट शून्य. सुरुवात कुठून करू? आणि मुळात हे शक्य आहे का, का उगाच डोकं फोडतोय?

सिग्नल_ते_नॉइज

शक्य आहे, आणि तुझ्या बेडकांच्या प्रसंगासाठी तर दुसरा रस्ताच नाही. अंधेरीत डबिंग नि साउंड डिझाइनचं काम करतो, पोटापाण्यासाठी सॅम्पलच वापरतो हे आधीच सांगतो, पण जिथे आवाजाला नटाबरोबर चालायचं असतं तिथे सॅम्पल तोकडं पडतं.

पहिलं म्हणजे कीबोर्डवाला सिंथ बाजूला ठेव. तो वाद्यांसाठी बनलाय, त्यात तुला एक सूर मिळतो नि त्या सुराचा पोत बदलता येतो. प्राण्याच्या आवाजात पोत ही दुय्यम गोष्ट आहे, आधी बघायचं की शरीराचा कुठला भाग हलतोय नि किती वेळा हलतोय. प्युअर डेटा घे, ठोकळे जोडून आवाज बनवायचं सॉफ्टवेअर, मिलर पकेटने नव्वदच्या दशकात लिहिलेलं, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतं. सुपरकोलायडर पण फुकट आहे पण त्यात कोड लिहावा लागतो, तुझ्याकडे वेळ कमी असणार.

आता बेडूक. बहुतेक बेडकांचा आवाज हा सलग सूर नसतोच, तो टिचक्यांची माळ असतो. फुफ्फुसातली हवा स्वरयंत्रातून गळ्याच्या पिशवीत जाते, परत येते, आणि प्रत्येक धक्क्याला एक छोटा ठोका पडतो. म्हणून सॉटूथ घेऊन फिल्टर फिरवत बसलास तर जन्मात बेडूक निघणार नाही. मेट्रो ऑब्जेक्ट (ठरावीक वेळाने ठोका देणारा ठोकळा) घे, २५ मिलिसेकंदावर ठेव, म्हणजे सेकंदाला ४० टिचक्या. प्रत्येक टिचकी म्हणजे एक-दोन मिलिसेकंदाचा नॉइजचा तुकडा, बास. ती टिचकी दोन बँडपास फिल्टरमधून (एकच पट्टा जाऊ देणारे) पाठव, समांतर, एक साधारण ८०० हर्ट्झला नि एक त्याच्या दुपटीच्या जरा वर. अर्धा सेकंद चालू दे, आवाज हळू सुरू होऊन शेवटाकडे फुगेल असं एन्व्हलप (पातळीचा चढउतार) दे. हे आकडे नुसते सुरुवातीचे आहेत, खऱ्या रेकॉर्डिंगशी ताडून बदल.

आणि इथे एक जागा आहे जिथे सगळे अडकतात, ती म्हणजे फिल्टरचा क्यू, म्हणजे त्याचा पट्टा किती अरुंद ते. क्यू जितका जास्त तितका फिल्टर टिचकीनंतर जास्त वेळ वाजत राहतो. ८०० हर्ट्झला क्यू १० ठेवलास तर तो साधारण ४ मिलिसेकंदात ओसरायला लागतो, पुढची टिचकी यायच्या आत गप्प. त्यालाच क्यू ६० केलास की तो २४ मिलिसेकंद रेंगाळतो, म्हणजे पुढची टिचकी येईपर्यंत आधीची वाजतेच आहे, दोन्ही एकमेकांत मिसळतात नि सगळं इलेक्ट्रॉनिक वाटायला लागतं. लोक म्हणतात सिंथचा आवाज खोटा वाटतो, नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं, क्यू वाढवून ठेवलेला, कारण एकट्याने ऐकताना तो गोड वाटतो. बेडूक गोड नसतो. क्यू कमी कर, टिचक्यांमधल्या अंतरात थोडा गोंधळ घाल, पाच-दहा टक्के इकडेतिकडे, लगेच फरक कळेल.

हा एक बेडूक झाला. याच्या दहा-बारा कॉप्या कर पण प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी, टिचक्यांचा वेग, दोन ओरडण्यांमधलं अंतर नि स्टेजवरची जागा वेगळी ठेव. शिवाय शेजारी बेडूक सहसा एकाच वेळी ओरडत नाहीत, एक झाला की दुसरा ओरडतो, कारण प्रत्येक नराला मादीला आपला आवाज वेगळा ऐकू जायला हवा असतो. तेव्हा प्रत्येक बेडकाला असा नियम दे की शेजारी ओरडायला लागला तर आपला टायमर थोडा पुढे ढकलायचा. एवढंच केलंस की ते एकमेकांशी बोलायला लागतात, तुला काही कंपोज करावं लागत नाही.

मग तुझा म्हातारा. एक फेडर (सरकवायची पट्टी) घे, त्याचं नाव ठेव माणूस. शून्य म्हणजे लांब, एक म्हणजे विहिरीवर. प्रत्येक बेडकाला स्वतःची हद्द दे, कोणी ०.२ ला घाबरतो, कोणी ०.८ पर्यंत टिकतो. फेडर हद्दीच्या वर गेला की त्याने चालू ओरडणं पूर्ण करायचं पण नवीन सुरू करायचं नाही, मधेच तोडलंस तर स्विच बंद केल्यासारखं ऐकू येतं. फेडर खाली आला की लगेच सुरू नाही करायचं, काही सेकंद थांबायचं, प्रत्येकाने वेगळं, आणि एकदा पहिला ओरडला की बाकीच्यांचा थांबण्याचा वेळ निम्मा करायचा. तो दबकत सुरू करणारा पहिला बेडूक तुला फुकटात मिळेल. तू नटाकडे बघत फेडर हलवायचा, तो वाक्य विसरला तर बेडूक सांभाळून घेतील.

बिबट्याचं रात्री लिहितो, आता मिक्स द्यायचाय.

पायवाट_बोरिवली

वरचा प्रतिसाद वाचून मजा आली. सिंथेसिसमधलं मला ओ की ठो कळत नाही पण नॅशनल पार्कात नि आरेत बरीच वर्षं पहाटे फिरतोय तेव्हा कुठला आवाज कधी येतो एवढं सांगू शकतो, कारण नाटका-सिरियलींमधे याची जी वाट लावलेली असते ती बघून चिडचिड होते. भर डिसेंबरच्या प्रसंगात कोकीळ कुहू करतो, रात्र झाली की घुबड, जंगल म्हटलं की कुठल्या तरी परदेशी माकडाचा आवाज.

पहिल्या पावसानंतरची पहाट असेल तर कोकीळ चालेल, जूनमधे तो असतो. कुहू करतो तो नर, मादीचा आवाज वेगळा, किक किक किक असा घाईघाईचा. नराची कुहू एकटी नसते, एकामागून एक येतात नि प्रत्येक आधीच्यापेक्षा वर चढते, वरवर जात जात अचानक तुटते. सिंथमधे नुसती एक कुहू करून रिपीट केलीत तर कळेल लगेच. आणि याच दिवसांत कावळ्यांची घरटी असतात नि कोकिळा अंडी तिथेच घालते, त्यामुळे पहाटे कोकीळ ओरडला की कावळे त्याच्या मागे लागतात, तो आवाज नेहमीच्या काव काव पेक्षा खरखरीत नि घाईचा असतो. कोकीळ, मग कावळ्यांची धावपळ असा क्रम लावलात तर जाणकार माणूस खुर्चीत सरळ बसेल.

बेडूक म्हणाल तर मोठे बुलफ्रॉग पहिल्या जोरदार पावसाला बाहेर येतात, नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आवाज जाडाभरडा. त्यांच्याबरोबर लहान जातींचे बारीक आवाज असतात. म्हणजे सगळ्या बेडकांना एकाच साइजचं करू नका, दोन-तीन जाड, बाकी बारीक.

बिबट्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. डरकाळी नको, प्लीज. बिबट्याचा आवाज म्हणजे लाकूड करवतीने कापताना येतो तसा, खर्र-खर्र, श्वास बाहेर नि आत, ठरावीक लयीत, मग थांबतो. बहुतेक सिनेमांत त्याच्या तोंडी वाघ-सिंहाची डरकाळी घालतात. आणि खरं सांगायचं तर पाड्यावरच्या लोकांना बिबट्या स्वतः क्वचितच ऐकू येतो, त्यांना कळतं ते कुत्र्यांवरून. कुत्री आधी भुंकतात, मग भुंकणं बदलतं, मग एकदम गप्प. पार्काच्या बाजूला चितळ असेल तर त्याचा अलार्म कॉल, वानर असेल तर त्याचं खोकल्यासारखं. दिग्दर्शकाला विचारा, कुत्री गप्प झाल्यावर दोनच खर्र आले तर पुरेत.

अजून एक सुचवतो, सरावासाठी तांबट पक्षी घ्या. दादर-माटुंग्याच्या झाडांवरही असतो, टुक टुक टुक, मिनिटाला शंभरेक, कंटाळा येईपर्यंत. त्याची चोच आवाज काढताना बंद असते, गळ्याची कातडी दर टुकला फुगते नि बसते. तुमच्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो ते सिग्नल साहेब सांगतील.

सिग्नल_ते_नॉइज

साहेब नका म्हणू हो. पण तांबट हे उदाहरण फार भारी दिलंत, मला सुचलं नसतं. चोच बंद म्हणजे बाहेर जे येतं ते फुगलेल्या कातडीतून गाळून येतं, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) आतच अडकतात, म्हणून तो आवाज जवळजवळ शुद्ध साइन (एकच साधी लहर) असतो. एक साइन ऑसिलेटर, चढायला पाच-दहा मिलिसेकंद, उतरायला पन्नासेक, नि मेट्रो. दहा मिनिटांत पक्षी तयार. @विंगेतला_आवाज, आधी हाच कर, आत्मविश्वास येईल. कोकिळालाही साइनच्या जवळचं काहीतरी पुरतं, फक्त सूर सरकत वर गेला पाहिजे, पायऱ्यांनी नाही. आकडे माझ्याकडून घेऊ नकोस, ऑडासिटी या फुकट ऑडिओ एडिटरमधे रेकॉर्डिंग उघड, ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कुठला सूर कधी आहे त्याचं चित्र) कर, तिथे रेघ दिसते, तीच बघून लिही. विंडो साइज मात्र समजून घे, टिचक्या मोजायच्या असतील तर ५१२ ठेव, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंदाची खिडकी, प्रत्येक टिचकी सुटी दिसते. सूर नेमका कुठे आहे बघायचा असेल तर ४०९६, साधारण ९३ मिलिसेकंद, रेघा बारीक होतात पण टिचक्या एकमेकांत मिसळून जातात. दोन्ही एकदम मिळत नाही, हे गणितच तसं आहे.

कावळा अवघड आहे, खोटं कशाला बोलू. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्यात वर तयार होत नाही, श्वासनलिका जिथे दोन फुफ्फुसांकडे फाटते तिथे खाली सिरिंक्स नावाचा अवयव असतो. अर्जेंटिनाच्या गॅब्रिएल मिंडलिन यांच्या ग्रुपने याचं मॉडेल केलंय, त्यात मुख्य गोष्टी दोनच, हवेचा दाब नि स्नायूंचा ताण, हे दोन कसे वरखाली होतात त्यावरून अख्खं गाणं निघतं. २०१३ मधे नेचरमधे त्यांचा पेपर आला, झोपलेल्या झीब्रा फिंचला हे बनवलेलं गाणं ऐकवलं तर मेंदूतल्या ज्या पेशी त्याच्या स्वतःच्या गाण्याला प्रतिसाद देतात त्या याही गाण्याला देत होत्या. पक्ष्याचा मेंदू फसतो म्हटल्यावर प्रेक्षक काय चीज आहे.

यातून घ्यायचं एवढंच की कावळ्यालाही दोनच नॉब दे, हवा नि ताण, आणि बाकी सगळं त्यांना बांध. हवा वाढली की नुसता आवाज मोठा नाही होत, खरखर पण वाढते, सूर पण थोडा वर जातो. खरखरीसाठी मूळ सुराच्या बरोब्बर निम्म्या वेगाने ॲम्प्लिट्यूड (आवाजाची पातळी) हलव, खालचा उपसूर तयार होतो, वर थोडा गाळलेला नॉइज फ्रिक्वेन्सीत मिसळ. काव च्या मधल्या भागात हे जास्त, सुरुवातीला नि शेवटी कमी. घाबरलेला कावळा हवा असेल तर हवेचा नॉब वर, झालं.

रॉकेल_कंदील

पोरांनो, तुमचं वाचतोय नि गंमत वाटतेय. आम्ही एकांकिका करायचो तेव्हा विंगेत तीन पोरं उभी करायचो, एक बेडूक, एक कुत्रा, एक कोल्हा. म्हातारा वाक्य विसरला तर बेडूक आपोआप गप्प बसायचे कारण बेडकाला पण पुढचं वाक्य माहीत नसायचं. जत्रेत ते खेळणं मिळतं ना, मातीच्या छोट्या डबीला कागद ताणून लावलेला, दोरा एका काडीला बांधलेला, काडीला राळ लावलेली असते, गरागरा फिरवलं की करकर वाजतं. दोरा काडीवर चिकटतो-सुटतो-चिकटतो, त्या झटक्याने कागद वाजतो. तो वरच्या साहेबांचा टिचक्यांचा बेडूक म्हणजे तेच, पाच रुपयात. वेगवेगळ्या मापाच्या डब्या घेतल्या की जाड नि बारीक बेडूक झाले.

बिबट्या तर तोंडाने उत्तम होतो. घसा सैल सोडायचा, श्वास आत घेताना घासायचा, बाहेर टाकताना घासायचा, रिकाम्या माठात तोंड घालून. मशीन कशाला?

अवांतर: बेडूक केलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी घसा बसून शाळेत बोलता येत नव्हतं, हे मात्र खरं.

मेट्रो_३

एआयला सांग ना यार, बिबट्याचा आवाज दे म्हटलं की देतो. कशाला एवढी मेहनत.

सिग्नल_ते_नॉइज

@मेट्रो_३ देतो की, फाइल देतो. त्याला परत फाइलचीच अडचण येणार, म्हातारा थांबला की फाइल थांबत नाही. त्याने पहिल्याच पोस्टमधे लिहिलंय, वाचायचे कष्ट घे.

@रॉकेल_कंदील काका, तुमच्याशी मी बिबट्याच्या बाबतीत निम्मा सहमत आहे. माणसाचा श्वास मूळ म्हणून घेणं हे आमच्याकडेही सर्रास चालतं, कितीतरी राक्षस नि डायनोसॉर माणसाच्याच घशातून निघालेत, मग सूर खाली केला. पण नुसतं खाली केलं की टेप हळू चालवल्यासारखं होतं, आणि माठाने घुमतं पण प्राण्याचा आकार कळत नाही. आकार कळतो तो नळीच्या लांबीवरून. आपली स्वरनळी साधारण साडेसतरा सेंटिमीटरची, त्यामुळे तिचे अनुनाद ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास येतात, ही स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मधे पक्की मांडलेली गोष्ट आहे, तिथे ती माणसाच्या बोलण्यासाठी होती पण नळी ही नळीच असते. २५ सेंटिमीटर केलीत तर ३५०, १०५०, १७५०. ३५ केलीत तर २५०, ७५०, १२५०. म्हणजे मूळ आवाज तोच ठेवून नुसते हे तीन फिल्टर खाली आणले तरी ऐकणाऱ्याला जनावर मोठं झाल्याचं कळतं.

आणि बिबट्या हा वाघ-सिंहांच्याच पँथेरा गटातला. या मंडळींच्या जिभेखालचं हायॉइड हाड अखंड हाडाचं नसतं, मधे लवचिक भाग असतो, त्यामुळे आवाज काढताना स्वरयंत्र खाली ओढता येतं नि नळी लांब होते. म्हणून प्रत्येक खर्र सुरू होताना फिल्टर थोडे वर ठेव नि संपेपर्यंत खाली सरकव. २५ पासून ३५ च्या मधे कुठेतरी फिरव, कानाने ठरव. मूळ आवाज म्हणून नॉइज घे, त्याला सेकंदाला पस्तीस-चाळीसच्या झटक्यांनी गुणून घे, झटके अजिबात एकसारखे नकोत. बाहेरच्या श्वासाला पूर्ण ताकद, आतल्याला कमी नि थोडा पातळ. दोन्ही सारखे केलेस की खरंच सुतारकाम ऐकू येईल.

जर्मनीत ऑस्कर साला नावाचा माणूस होता, ट्राउटोनियम नावाचं वाद्य वाजवायचा, हिचकॉकने १९६३ मधे पक्ष्यांवर जो सिनेमा काढला त्यातले पक्ष्यांचे बरेचसे आवाज त्याने त्या वाद्यावर केले. त्या वाद्याला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या, तार होती, तिच्यावर बोट दाबून सरकवायचं. म्हणजे काकांचा मुद्दा तोच येतो, हात हलला पाहिजे. म्हणून @विंगेतला_आवाज, माऊसने करू नकोस, कुठून तरी नॉब-फेडरवाला छोटा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा) उसना मिळव, नाहीतर फोनवर ओएससी पाठवणारं, म्हणजे फोनवरून लॅपटॉपला कंट्रोल देणारं ॲप टाक.

विंगेतला_आवाज

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तांबट झाला, खरंच पटकन झाला, आई म्हणाली खिडकीत बघ कोण आलंय. बेडूक पण जमले, क्यू कमी केल्यावर फरक पडला, दोन जाड बेडूक ठेवलेत. दिग्दर्शकाने काल माणूस फेडर स्वतः हातात घेतला नि अर्धा तास सोडलाच नाही, नट बिचारा विहिरीकडे फेऱ्या मारतोय. कुत्री गप्प होतात ही आयडिया पण त्याला पटली, आता बिबट्याचे दोनच खर्र आहेत. काकांचं खेळणं शोधतोय, मिळालं तर एका बेडकाच्या जागी वाजवणार.

बिबट्याची गोची झालीये. हेडफोनवर अंगावर येतो, खाली मी ४० हर्ट्झचा एक साइन पण दिलाय, दणदणीत वाटतो. हॉलवर टेकला (तांत्रिक तालमीला) लावला तर काहीच नाही, नुसता फस्स फस्स. तिथे दोन टॉप (मधले-वरचे सूर देणारे स्पीकर) आहेत, सबवुफर (खोल सूर देणारा) नाही. लेव्हल वाढवली तर ऑपरेटर ओरडला. आणि दुसरं, रातकिडे मी साडेचार हजार हर्ट्झला केलेत, ते रात्रभर एकसारखे वाजतात नि नंतर टोचायला लागतात, काय करू?

सिग्नल_ते_नॉइज

तो ४० चा साइन काढ पहिला. त्या टॉपमधून तो येणारच नाही, उलट शंकू उगाच हलत बसतो नि बाकीचा आवाज गढूळ होतो, ऑपरेटर ओरडला ते बरोबर ओरडला. ८० च्या खाली सगळं कापून टाक. चाळीसचा ठोका ऐकू यायला चाळीस हर्ट्झ स्पीकरमधून यावा लागत नाही. १२०, १६०, २०० असे त्याचे हार्मोनिक्स जागेवर असतील तर मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो, साध्या फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो याच जोरावर, फोनची लाइन ३०० च्या खालचं जवळपास काही देत नाही. तेव्हा बँडपासच्या आधी हलकं सॅचुरेशन (मुद्दाम केलेली थोडी विकृती) घाल म्हणजे ते हार्मोनिक्स तयार होतील, आणि सगळ्यात महत्त्वाचं, झटक्यांची खोली वाढव. तुझं फस्स फस्स होतंय याचा अर्थ नॉइज जवळपास सलग वाहतोय, दोन झटक्यांच्या मधे तो शून्याजवळ गेला पाहिजे. खरखर ही त्या मधल्या खड्ड्यांत असते. २०० ते १५०० च्या पट्ट्यात ते खड्डे नीट दिसले की दोन टॉपवर काम होऊन जातं.

आणि बिबट्या पुढच्या स्पीकरमधून देऊच नकोस. एखादा जुना पॉवर्ड स्पीकर मिळाला तर मागच्या पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेव. लांबचा आवाज म्हणजे नुसता बारीक आवाज नाही, त्यातला वरचा भाग हवेत नि झाडीत विरतो नि भिंती-डोंगरांवरून परत आलेला भाग जास्त ऐकू येतो. तीन हजारच्या वर हळूच उतार दे, रिव्हर्ब (घुमारा) थोडा जास्त, डायरेक्ट कमी. पहिला खर्र लांबचा, दुसरा थोडा जवळचा, याहून जास्त काही नको.

रातकिड्यांसाठी पायवाट काका बोलतील, पण माझ्याकडून एवढंच की सगळ्यांना एका फ्रिक्वेन्सीवर ठेवू नकोस, चार ते पाच हजारच्या मधे विखर, आणि संवाद चालू असताना दोन डीबी खाली.

पायवाट_बोरिवली

रातकिडा पंखावर पंख घासतो, एका पंखावर कानस असते नि दुसऱ्यावर तिला घासणारी कड. थंड रक्ताचा प्राणी, त्यामुळे गारवा वाढला की घासणं मंदावतं. अमेरिकेत डॉलबेअर नावाच्या माणसाने १८९७ मधे तिथल्या रातकिड्यांवरून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं. आपल्या जातींना ते सूत्र तसंच्या तसं लागू नाही पण दिशा तीच. तुमची एकांकिका संध्याकाळ ते पहाट आहे ना, मग सुरुवातीला वेग थोडा जास्त ठेवा नि रात्र सरेल तसा हळूहळू कमी करत न्या. कोणाच्या लक्षात येणार नाही पण टोचायचं थांबेल. बेडकांच्या टिचक्यांनाही हेच लावता येईल, त्यांचाही वेग गारव्याला कमी होतो.

एक विनंती, रेकॉर्डिंग ताडून बघायला झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या साइटवरून घेत असाल तर प्रत्येक फाइलखाली लायसन्स लिहिलेलं असतं ते बघा. ऐकून आकडे काढायला हरकत नाही, पण बऱ्याच फाइल्स व्यावसायिक वापराला नाहीत आणि काहींमधे बदल करायला पण परवानगी नाही, तिकीट लावून प्रयोग असेल तर फाइल थेट वाजवू नका. आणि बनवलेला कोकीळ गॅलरीत स्पीकर लावून टेस्ट करू नका हो, जून आहे, खरा कोकीळ तो दुसरा नर समजून भांडायला येतो नि दिवसभर तिथेच अडकून बसतो.

रॉकेल_कंदील

खेळणं कुठल्या जत्रेत मिळतंय का बघ, नाहीतर मला व्यनि (खाजगी निरोप) कर, माझ्याकडे दोन पडून आहेत. एकाचा कागद फाटलाय, फुगा कापून ताणून लाव, जाड बेडूक होईल. राळ मात्र ताजी घे, व्हायोलिनवाल्याकडे मिळते, जुनी राळ दमट हवेत धरत नाही नि ऐन प्रयोगात बेडूक मुका होतो.